आवाज उतरला तरी गात राहावं का?

सायली_कोथरूड
नमस्कार मंडळी. काही दिवसांपासून एकच विषय डोक्यात घोळतोय, म्हणून हा धागा.

डिसेंबरात आईला घेऊन एका मोठ्या संगीत महोत्सवाला गेले होते. तिसऱ्या सत्रात एक ज्येष्ठ गायिका होत्या, वय ८२. नाव मुद्दाम लिहीत नाही, कुणी ओळखलं तरी कृपया इथे लिहू नका. आईने कॉलेजात असताना त्यांना ऐकलं होतं, त्यामुळे ती तासभर आधीच पुढची जागा धरून बसली होती. दोघींनी हात धरून बाईंना मंचावर बसवलं. तंबोरे जुळले. पहिला षड्जच थरथरत लागला. मध्य सप्तकात जरा स्थिरावल्या, पण अंतरा आला आणि तार षड्ज, म्हणजे वरचा सा, लागेना. एकदा झालं, दुसऱ्यांदा झालं. तिसऱ्या वेळी मागे तंबोऱ्यावर बसलेल्या शिष्येने तो लावला आणि मंडपात टाळ्या पडल्या. बाईंनी वळून त्या मुलीकडे पाहिलं आणि मान डोलावली. आईने माझा हात घट्ट धरला होता.

आमच्या मागे काही मुलं मोबाइलवर शूटिंग करत होती. दुसऱ्या दिवशी आमच्या सोसायटीच्याच ग्रुपवर जेमतेम वीस सेकंदांची क्लिप आली, खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. मला इतकं लागलं की मी ग्रुप सोडला.

तर प्रश्न असा. आवाज उतरल्यावर गायकाने जाहीर गाणं थांबवावं का? आणि थांबायला हवं असेल, तर ते त्यांना सांगायचं कुणी?

दमसास
थांबू नये. आवाज उतरतो, गाणं उतरत नाही. क्लिप फिरवणाऱ्यांना मात्र महोत्सवाच्या दारातच अडवलं पाहिजे.

रमणबाग_जुना
सायलीताई, तुमच्या आईंचा हात डोळ्यांसमोर आला.

मी २००७ च्या पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाला होतो. सवाई तेव्हा रमणबागेतच व्हायचा. पंडित भीमसेन जोशी बऱ्याच काळाने गाणार होते. वय ८५, मधल्या काळात आजारपणं होऊन गेलेली. ज्यांनी १९५३ मध्ये गुरूच्या स्मृतीसाठी हा महोत्सव सुरू केला, वर्षानुवर्षं त्याची सांगता ज्यांच्या गाण्याने व्हायची, ते पुन्हा त्याच मंचावर. आवाज पूर्वीचा नव्हता हे खरंच. पण पहिला सूर आला आणि माझ्या शेजारचे सत्तरीचे गृहस्थ डोळ्यांना रुमाल लावून बसले, तो शेवटपर्यंत काढला नाही. आम्ही त्या दिवशी तान मोजायला गेलो नव्हतो. चाळीस वर्षं ज्यांनी आमचा डिसेंबर घडवला त्यांना भेटायला गेलो होतो.

त्यांना कुणी 'आता पुरे' म्हणायला हवं होतं का? मला तर ती कल्पनाच सहन होत नाही.

मांडवीतीर
दुसरी बाजू मांडतो, कारण ती माझ्या गावाकडची आहे.

सूरश्री केसरबाई केरकर आमच्या गोव्यातल्या केरी गावच्या. जन्म १८९२ चा. उस्ताद अल्लादियाखाँसाहेबांकडे वर्षानुवर्षं घासून तयार झालेलं गाणं. १९६३-६४ च्या सुमारास त्यांनी जाहीर मैफली थांबवल्या. लोकांना तेव्हाही त्या हव्याच होत्या. पण लोकांच्या कानांत जे गाणं आहे त्यापेक्षा उणं गाणं आपल्या गळ्यातून जाता कामा नये, हा बाणा. त्यानंतर तेरा-चौदा वर्षं त्या होत्या आणि जाहीर गायल्या नाहीत. १६ सप्टेंबर १९७७ ला गेल्या. त्यांच्या भैरवीची ध्वनिमुद्रिका घेऊन व्हॉयेजर-१ अवकाशात झेपावलं ते त्याच महिन्याच्या ५ तारखेला. अकरा दिवसांचं अंतर.

केरीत त्यांच्या नावाची शाळा आहे आणि कला अकादमी त्यांच्या नावाने समारोह करते. आमच्या घरी आजोबा सांगायचे की बाईंचा पडता काळ कुणी ऐकलाच नाही. हीसुद्धा कलावंताने रसिकांना दिलेली देणगीच आहे. भीमसेनजींबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, मला केसरबाईंचा मार्ग जास्त भावतो.

दमसास
@मांडवीतीर, पण मग मल्लिकार्जुन मन्सूरांचं काय? त्यांना अखिल भारतीय कीर्ती मिळाली तीच उतारवयात. साठीला थांबले असते तर आपल्या पिढीला ते कळलेच नसते.

मांडवीतीर
मान्य. पण मन्सूरअण्णांचा सूर शेवटपर्यंत शाबूत होता. इथे प्रश्न सूर गेल्यानंतरचा आहे.

पेटीवाला
मी तीसेक वर्षं हार्मोनियमची साथ करतोय. मंचावर गायकाच्या डाव्या हाताला बसून जे दिसतं ते पहिल्या रांगेतूनही दिसत नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

वय बोलायला लागतं ते सर्वांत आधी पट्टीत, म्हणजे पेटीच्या ज्या काळ्या-पांढऱ्या पट्टीला गायक आपला सा मानतो तिच्यात. आयुष्यभर काळी चारात गायलेल्या बाई एक दिवस ग्रीनरूममध्ये हळूच म्हणतात, "आज पांढरी पाच ठेवू या का?" अर्धा स्वर उतरला. दोन-तीन वर्षांनी काळी तीन. मग पांढरी चार. असे एकूण दीड स्वर खाली येतात. माझं काम सोपं, स्केलचेंजर पेटीची पट्टी सरकवली की झालं. तंबोऱ्याचे मात्र हाल होतात. काळी चाराला लावलेला तंबोरा पांढरी चारावर आणला की तारा सैल पडतात, जवारी, म्हणजे घोडीवरून तारेला येणारा झंकार, बोलत नाही, सगळा घुमाराच जातो. मग तारा बदला, जवारी पुन्हा काढा. माझ्या माहितीतल्या एका बाईंनी तीस वर्षांचा तंबोरा मिरजेला पाठवला होता. कारागिराने तो तपासला आणि विचारलं, "कितीवर आणायचाय?" त्या नुसत्या बसून राहिल्या, उत्तर द्यायला त्यांना वेळ लागला.

दुसरी गोष्ट खुणांची. एका बुजुर्ग गवयांची खूण अशी होती की तार षड्जाच्या आधी ते डाव्या हाताची दोन बोटं मांडीवर टेकवायचे. टेकवली की मागच्या मुलाने सूर उचलायचा, मी पेटीवर तो भरून धरायचा आणि ते स्वतः खाली पंचमावर उतरून तिथून पुढची जागा घ्यायचे. समोरच्यांना वाटायचं की गुरू-शिष्य मिळून बढत करतायत. पंधरा वर्षं हे चाललं, कुणाला कळलं नाही. एकदा पेटीवर मी तो सूर जरा मोठा धरला. नंतर चहा घेताना म्हणाले, "मला झाकायचं नाहीस, टेकू द्यायचास." तो धडा मी आजवर विसरलो नाही.

तेव्हा सायलीताई, टाळ्या कुणाला होत्या हे विचारू नका. त्या दोघींनाही होत्या.

सुनंदा_व
"झाकायचं नाहीस, टेकू द्यायचास." पेटीवाले काका, हे वाचून थांबलेच. काय प्रतिसाद आहे!

रोखठोक_नागपूर
सगळे भावनेत वाहताहेत म्हणून एक सरळ प्रश्न. मी तिकिटाला हजार रुपये मोजले, सुट्टी टाकली, रात्रभर रेल्वेचा प्रवास केला. मला बेसूर ऐकावं लागलं तर मी काय करायचं? कलावंताबद्दलचा आदर मी घरी रेकॉर्ड लावूनही दाखवू शकतो. क्रिकेटपटू वेळेवर निवृत्त झाला की आपण त्याचं कौतुक करतो, मग गायकाला वेगळा न्याय का? आणि त्याच स्लॉटमध्ये पस्तिशीची तयार मुलगी बसू शकली असती, जी वर्षानुवर्षं सकाळच्या सत्रात अर्ध्या तासासाठी वाट बघतेय. तिचा विचार इथे कुणीच केला नाही.

दमसास
तरुण मुलीचा मुद्दा बरोबर आहे, क्रिकेटचा नाही. धावांचा आकडा असतो. भैरव किती झाला याचा कुठे असतो?

डॉ_घसा
मी कान-नाक-घसातज्ज्ञ आहे, रुग्णांत गायक बरेच असतात. थोडी शरीराची बाजू सांगते.

व्होकल कॉर्ड्स म्हणजे स्नायू आणि त्यावरचं मऊ, लवचीक आवरण. वय वाढलं की हा स्नायू बारीक होतो, कडा किंचित धनुष्यासारख्या वाकतात आणि गाताना दोन्ही बाजू पूर्ण मिटत नाहीत. मधल्या फटीतून हवा निसटते. म्हणून आवाजात वारा येतो, दम पुरत नाही, लांब आलाप मध्येच तुटतो. ओलावा देणाऱ्या ग्रंथी मंदावतात, स्वरयंत्रातल्या कूर्चा कडक होतात, फुप्फुसांची लवचिकता कमी होते. या म्हातारपणच्या आवाजाला आम्ही प्रेसबायफोनिया म्हणतो. रजोनिवृत्तीनंतर बायकांच्या कॉर्ड्स थोड्या जाड होतात म्हणून पट्टी उतरते. पुरुषांचं बरेचदा उलट, आवाज पातळ होऊन किंचित वर जातो. पेटीवाल्यांनी सांगितलेली काळी चार ते पांढरी चार ही वाट मी दवाखान्यात नेहमी पाहते.

पण एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. वयस्कर गायक बेसूर होतो तेव्हा दोष दर वेळी गळ्याचा नसतो, कधी कधी तो कानाचा असतो. उंच कंपनांचे आवाज आधी ऐकू येईनासे होतात, म्हणजे तंबोऱ्याच्या झंकारातला वरचा सगळा प्रकाशच जातो. मग यंत्र लावतात. श्रवणयंत्र बनवलेलं असतं बोलणं ऐकण्यासाठी. शिट्टी वाजू नये म्हणून त्यात एक सोय असते, आणि लांब टिकणारा एकच सूर आला की यंत्राला तीच शिट्टी वाटते. ते त्या सुराला दाबायला जातं. तंबोरा म्हणजे दुसरं काय? टिकणारा सूरच! माझ्याकडे एक बाई आल्या होत्या, म्हणाल्या, "डॉक्टर, तंबोरा मधूनच कापरा होतो." सगळे म्हणत होते त्यांना भास होतो. आम्ही यंत्रात संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम लावून घेतला, ती सोय बंद केली, आणि घरचा तंबोरा दवाखान्यात आणून तपासलं. त्या दिवशी आमच्या वेटिंग रूममधल्या पेशंटांनी चक्क यमन ऐकला.

तेव्हा घरात वयस्कर गाणारं कुणी असेल तर 'आता बास करा' म्हणण्याआधी कान तपासून घ्या, ही कळकळीची विनंती. आवाजाचे व्यायाम, भरपूर पाणी आणि रोजचा थोडा रियाज यांनीही बराच फरक पडतो. रियाज थांबवला तर उतार वेगाने येतो.

कोल्हापुरी_तांबडा
डॉक्टर, धन्यवाद. आमच्या आजोबांचं यंत्र उद्याच घेऊन जातो. भजनाला बसलं की यंत्राची शिट्टी वाजते म्हणायचे, आम्ही लक्षच दिलं नाही.

बेळगावची_माई
मी धारवाड-हुबळी भागातच वाढले, म्हणून गंगूबाईंबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

गंगूबाई हनगल. जन्म १९१३. त्यांच्या सुरुवातीच्या रेकॉर्ड ऐकल्यात का? बारीक, उंच, गोड आवाज. पुढे घशावर उपचार करावे लागले आणि आवाज कायमचा बदलला, खाली गेला, रुंद झाला. एखादी खचून घरी बसली असती. बाईंनी तोच नवा आवाज घेऊन असं गाणं उभं केलं की आज आपल्याला गंगूबाई म्हटलं की तोच खडा आवाज आठवतो. आवाज बदलणं म्हणजे आवाज जाणं नाही, हे मी त्यांच्याकडून शिकले. २००६ मध्ये, नव्वदी ओलांडल्यावरही, त्या मंचावर बसल्या होत्या.

आणि त्यांच्या मागे आयुष्यभर गायली ती त्यांची मुलगी, कृष्णाबाई. ती स्वतः उत्तम गायिका. आईच्या आवाजाला आवाज देत राहिली आणि आईच्या आधी, २००४ मध्ये, गेली. पेटीवाले जो टेकू म्हणतात ना, तो देणाऱ्यांची नावंही या धाग्यात यायला हवीत.

रमणबाग_जुना
माई, अगदी. कुमार गंधर्वांचंही तसंच. १९४७ ते ५२ क्षयाने अंथरुणाला खिळलेले, नंतर एका फुप्फुसाच्या बळावर गाणं. तो आखूड, झेप घेऊन येणारा स्वरवाक्यांश पुढे त्यांची ओळख झाला. आणि अल्लादियाखाँसाहेब! तरुणपणी एका संस्थानिकाकडे अतोनात गाऊन आवाज गेला, तो परत आला तो वेगळाच. त्या वेगळ्या आवाजाला जुळेल अशी गायकी त्यांनी घडवली, तेच जयपूर-अत्रौली घराणं. मांडवीतीर, म्हणजे केसरबाईंच्या गाण्याचं मूळसुद्धा एका बिघडलेल्या आवाजात आहे.

मांडवीतीर
हे मला असं जोडून कधी सुचलं नव्हतं. मनापासून आभार.

हडसनकाठ
इकडे न्यू जर्सीत वेगळाच अनुभव येतो. हिंदी-मराठी चित्रपटगीतं गाणारे ज्येष्ठ गायक दौऱ्यावर येतात. दोन-तीन वेळा असं झालं की आवाज अगदी तरुणपणीचा येतोय, पण माइक तोंडापासून लांब आहे. ट्रॅक चालू आणि ओठ हलताहेत. माझ्या मुलीने विचारलं, "बाबा, मग आपण घरीच का नाही ऐकलं?" मला उत्तर देता आलं नाही. थरथरता आवाज मी पोटाशी धरीन, पण ही फसवणूक नको.

याच्या उलट पंडित जसराज. शेवटच्या काळात ते इथेच होते, ऑगस्ट २०२० मध्ये नव्वदाव्या वर्षी इथेच गेले. लॉकडाउनमध्येही जगभरातल्या शिष्यांना इंटरनेटवरून शिकवत होते.

सुनंदा_व
ट्रॅकबद्दल सहमत. पण चित्रपटगायकांवर दडपण फार असतं हेही समजून घ्या. शास्त्रीय गायक पट्टी उतरवू शकतो, राग बदलू शकतो. सिनेमाचं गाणं लोकांच्या कानात मूळ पट्टीत आणि मूळ लयीत कोरलेलं असतं, एक मुरकी इकडची तिकडे झाली तरी कळते. आणि स्पर्धा कुणाशी? स्वतःच्याच पंचविशीतल्या आवाजाशी. २००४ साली लताबाई पंचाहत्तरीच्या असताना त्यांनी एका मोठ्या हिंदी चित्रपटाची बहुतेक गाणी गायली. आमच्या घरी वाद झाला होता. वडील म्हणाले, आवाज बारीक झाला. आई म्हणाली, तुमचे कान पन्नास वर्षं एकाच जागी बसलेत, बाई पुढे गेल्या. आणि आशाबाई २०२३ मध्ये नव्वदाव्या वाढदिवसाला दुबईत मंचावर उभ्या राहून गायल्या. उभ्या राहून! मला तर त्या उभं राहण्याचंच कौतुक वाटतं.

कोल्हापुरी_तांबडा
अवांतर: रात्री दहाचा नियम आल्यापासून पहाटेचे राग मैफलीत ऐकायला मिळेनासे झाले. पूर्वी बुजुर्ग गवई पहाटे साडेतीनला बसायचे, तोवर आवाज तापून मोकळा झालेला असायचा. आता संध्याकाळी सातला, रहदारीतून दोन तास येऊन, गार मंडपात, थेट माइकसमोर. कुणाचा आवाज लागेल?

पेटीवाला
अवांतर नाही, मुद्द्याचंच आहे. वयस्कर गळ्याला तापायला वेळ लागतो. तरुण गायक दहा मिनिटांत लागतो, ऐंशीच्या गवयाला पाऊण तास हवा. आयोजक म्हणतात, तुम्हाला चाळीस मिनिटं. म्हणजे आवाज लागायच्या आधीच सत्कार आणि शाल.

वारी_चुकली_नाही
मी शास्त्रीयमधलं काही जाणत नाही. माझे वडील कीर्तनकार होते. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षापर्यंत उभं राहून कीर्तन केलं. शेवटी शेवटी कवळी बसवली होती आणि 'ठ' म्हणताना ती हलायची. वडिलांनी ती काढून उपरण्यात गुंडाळून ठेवायला सुरुवात केली. तोंड बसलेलं, शब्द अर्धे, पण अभंगाची पहिली ओळ ते सुरू करायचे आणि उरलेली गाव म्हणायचं. टाळकरी म्हणायचे, पूर्वी बुवा म्हणायचे आणि आम्ही ऐकायचो, आता आम्ही म्हणतो आणि बुवा ऐकतात. त्यांना कुणी थांबा म्हटलं नाही. म्हणायचा प्रश्नच आला नाही, कारण तिकीट नव्हतं, मंच नव्हता, देवळाचा सभामंडप होता.

रोखठोक_नागपूर
वारी दादा, तुमचा प्रतिसाद वाचून मी माझा वरचा प्रतिसाद पुन्हा वाचला. माझा राग गायकावर नव्हता बहुतेक. महोत्सवाच्या जाहिरातीवर मोठ्ठा फोटो छापून तिकिटं विकणाऱ्यांवर होता. तरुण मुलीच्या मुद्द्यावर मात्र मी ठाम आहे.

हिशेबनीस
एक कोरडी पण गरजेची गोष्ट. बरेच कलावंत थांबत नाहीत कारण त्यांना थांबणं परवडत नाही. पेन्शन नाही, फंड नाही, मैफल झाली तर बिदागी. बालगंधर्वांपासून हेच आहे. कर्ज फेडता फेडता हयात गेली, पाय गेल्यावरही बसून भजनं गात राहिले. आज राज्य सरकारचं ज्येष्ठ कलावंतांना महिन्याला ५००० रुपये मानधन आहे. औषधांना तरी पुरतं का? साथीदारांची अवस्था तर त्याहून बिकट. 'सन्मानाने थांबा' म्हणताना त्या सन्मानाचा महिन्याचा खर्च कोण उचलणार, हेही बोलू या. ओळखीत कुणी पात्र कलावंत असेल तर त्यांचा अर्ज भरायला मदत करा. पुरावे गोळा करताना या वयात फार दमणूक होते.

तंबोरा_मागे
बरेच दिवस नुसती वाचत होते. आज लिहिते.

मी अशाच एका गुरूंच्या मागे अकरा वर्षं गातेय. माझ्या गुरू आता ऐंशीच्या पुढे आहेत. सायलीताई, तुम्ही लिहिलेला तो क्षण माझ्या आयुष्यात शंभरदा आलाय. तार षड्ज माझ्या गळ्यातून निघतो तेव्हा मला आनंद होत नाही. मी तो लावते तो बाईंच्याच लगावाने, त्यांच्याच आकारात, कारण मला दुसरा येतच नाही. लोक टाळ्या वाजवतात तेव्हा मला ओरडून सांगावंसं वाटतं की हा त्यांचाच आहे, फक्त आज माझ्याकडे ठेवलाय.

घरी शिकवताना बाई अजून असं काही दाखवतात की तासभर डोकं चालत नाही. परवा पूरियातला नुसता निषाद दाखवत होत्या. आवाज म्हणाल तर कुजबुजीएवढा. पण तो निषाद जिथे लागायचा तिथेच, केसभरही इकडेतिकडे नाही, आणि त्याच्यामागे सबंध राग उभा. मंडपात हे ऐकूच जात नाही. तिथे मोठा आवाज लागतो, लांब तान लागते. आम्ही शिष्या त्यांना नेहमी म्हणतो, बाई, सोहनी नको, पूरिया घ्या. स्वर तेच, पण सोहनी सगळी वर तार सप्तकात आणि पूरिया खाली मंद्र-मध्यात रमणारा. बाईंचा मंद्र तर आता तरुणपणापेक्षाही भरदार झालाय. पण महोत्सवाची माणसं फोन करून म्हणतात, "जरा लोकांना आवडेल असं, चढतं काहीतरी." आणि बाई भिडस्त आहेत.

तेव्हा त्यांनी थांबावं का, हा प्रश्नच माझ्या लेखी नाही. वीस फुटांच्या खोलीतलं गाणं आपण पाच हजारांच्या मंडपात नेऊन बसवतो, आणि मग म्हणतो आवाज पोचत नाही.

दमसास
यावर माझ्याकडे शब्द नाहीत. +१ सुद्धा कमी पडेल.

डॉ_घसा
तंबोरा_मागे, अगदी शास्त्रशुद्ध निरीक्षण. मंद्र भरदार होतो तो याच कारणाने, कॉर्ड्स जाड होतात म्हणून. तुमच्या गुरूंना नमस्कार सांगा.

बेळगावची_माई
बाळा, तुझी अकरा वर्षं वाया गेली नाहीत गं. तुझं स्वतःचं गाणंही कर हो, आमच्या कृष्णाबाईंसारखी मागेच राहू नकोस.

तंबोरा_मागे
माई, बाईसुद्धा हेच म्हणतात. पुढच्या महिन्यात माझा स्वतंत्र कार्यक्रम आहे, त्यात बाई तंबोऱ्यावर बसणार म्हणून हट्ट धरून बसल्यात. पाठ दुखते त्यांची, ऐकत नाहीत.

रमणबाग_जुना
प्रभाताई अत्रे आठवल्या. १३ जानेवारी २०२४ ला सकाळी पुण्यात गेल्या, वय ९१, आणि त्या दिवशी त्यांचा मुंबईत कार्यक्रम ठरलेला होता. कोलकात्यात रशीदखाँसाहेब, म्हणजे 'रसन पिया' अब्दुल रशीद खाँ, १०७ वर्षांचे होऊन २०१६ मध्ये गेले, शंभरीनंतरही गायचे. या माणसांना गाणं हा व्यवसाय नसतोच, श्वास असतो हे मी म्हणणार होतो, पण हिशेबनीसांनी दाखवलेली बाजूही तितकीच खरी आहे. दोन्ही एकाच घरात असतात.

सायली_कोथरूड
दोन महिन्यांनी धागा वर काढतेय, कारण सांगण्यासारखं घडलंय.

तंबोरा_मागे यांचा प्रतिसाद वाचून मी आईला दाखवला. आईने दोन-चार फोन केले, जुन्या मैत्रिणी गोळा केल्या, आणि आम्ही त्याच ८२ वर्षांच्या बाईंना आईच्या मैत्रिणीच्या वाड्यात गायला बोलावलं. सदाशिव पेठेतला जुना दिवाणखाना, लाकडी तुळया, तीस माणसं, माइक नाही. पंखे बंद ठेवले, कारण आवाज वाऱ्यात विरतो असं पेटीवाल्यांनी आधीच व्यक्तिगत निरोपात बजावलं होतं. वेळेचं बंधन ठेवलं नाही. बिदागी सगळ्यांनी वर्गणी काढून, हिशेबनीसांचा प्रतिसाद आठवून, महोत्सवाच्या तोडीची दिली.

पहिली वीस मिनिटं आवाज तसाच थरथरत होता. कुणी हललं नाही. मग केव्हातरी थरथर गेली. नेमकी कधी ते मला सांगता येणार नाही. पूरियाच गायल्या! मंद्रातल्या धैवतावर आल्या तेव्हा मी भिंतीला टेकून बसले होते आणि तो सूर मला पाठीत जाणवला, भिंतीतून. तार षड्ज त्या दिवशी त्यांनी घेतलाच नाही. निषादापर्यंत जायच्या आणि तिथून परत फिरायच्या, इतक्या वेळा की शेवटी तो न लावलेला षड्ज आम्हा सगळ्यांना ऐकू यायला लागला. मागच्या शिष्येने एकदाही तोंड उघडलं नाही. नुसता तंबोरा छेडत होती.

संपल्यावर आई त्यांच्या पाया पडायला वाकली, तर बाईंनी तिला विचारलं, "तुम्ही त्या दिवशी मंडपात पुढे होतात ना? निळी साडी." आई तिथेच रडली. त्यांना सगळं दिसत असतं.

पेटीवाला
निळी साडी! मी नेहमी सांगतो, मंचावरून पहिली रांग स्वच्छ दिसते. आपण कसे बसतो, घड्याळ बघतो का, सगळं.

रोखठोक_नागपूर
सायलीताई, पुढच्या वेळी मला आठ दिवस आधी कळवा. नागपूरहून येतो. वर्गणी किती ते सांगा.

सुनंदा_व
मुंबईत दादरला माझ्या बहिणीचा हॉल मोठा आहे, चाळीस माणसं मावतील. रस्त्याच्या आतल्या बाजूला आहे, हॉर्न येत नाहीत. तिसरा मजला आहे आणि लिफ्ट आहे. पुढच्या बैठकीला चालेल का?

सायली_कोथरूड
चालेल काय, धावेल. बाईंना गुडघ्यांचा त्रास आहे, खाली बसल्यावर उठता येत नाही, म्हणून एक बुटका चौरंग आणि त्यावर जाड गादी लागेल. गरम पाण्याचा थर्मास मी आणते. आधी एक दिवस मुक्काम ठेवू, म्हणजे प्रवासाचा शीण राहणार नाही.

वारी_चुकली_नाही
चौरंग आमच्याकडे आहे. वडील शेवटची दोन वर्षं त्यावरच बसायचे. पनवेलहून घेऊन येतो.